शाई तीच, फिल्म तीच. मग पाकीट का बिघडते?

२०१५ सालची गोष्ट. त्या वर्षी रमजान जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसात आला होता. ठाणे जिल्ह्यातील आमच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्या चाचांनी खारी आणि नानखटाईसाठी नव्या छापील पाकिटांचे रोल मागविले. रमजानला जेमतेम दहा दिवस राहिले असताना रोल आले. रंग झकास उतरले होते, नाव ठसठशीत दिसत होते. चाचांनी त्याच रात्री माल भरावयास घेतला आणि दोन दिवसांत पाकिटे दुकानदारांकडे रवानाही झाली. चौथ्या दिवशी पहिला निरोप आला, "चाचा, तुमच्या खारीला रंगाच्या डब्यासारखा वास येतो."

चाचांनी आधी तुपावर शंका घेतली, मग मैद्यावर, मग भट्टीवर. दोष कशातच सापडेना. शेवटी एका रिकाम्या पाकिटाला नाक लावले तेव्हा उलगडा झाला. वास खारीचा नव्हता, शाईतल्या थिनरचा होता. आम्ही दोघे प्रेसवर गेलो. तेथील उत्तर साधे होते, "शाई नामांकित कंपनीची आहे, फिल्म नवी कोरी आहे. चाचा, आमच्याकडून काही कमी झाले नाही." गंमत अशी की, शाई आणि फिल्म ह्या दोन्ही गोष्टी खरोखरच चांगल्या होत्या. बिघाड होता तो शाई कशी लावली आणि कशी वाळविली ह्यात.

आपले अनेक बांधव आज मसाले, शेवया, खजूर, फरसाण, बेकरीचा माल, अगरबत्ती छापील पाकिटांतून विकतात. तितकेच बांधव छपाईच्या यंत्रांवर ऑपरेटर किंवा हेल्पर म्हणून राबतात. पण पाकीट घेणारा फक्त दोनच प्रश्न विचारतो: किलोचा भाव काय, आणि माल कधी मिळेल? शाई किती लावणार आणि ती किती वाळणार, हे कोणी विचारत नाही. खरी नुकसानी तेथेच होते.

केसाहूनही पातळ थर

छापील पाकिटावर एक चौरस मीटरला वाळलेली शाई भरते ती प्रत्येक रंगाची साधारण एक ते दोन ग्रॅम. म्हणजे थराची जाडी एखाद-दोन मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीचा कितीतरी बारीक हिस्सा. एवढ्याशा थरात रंगाचा गडदपणा, अक्षराची धार, पकड आणि वास हे सगळे सांभाळावयाचे असते. थर थोडा कमी पडला तर लाल रंग विटका दिसतो, थोडा जास्त झाला तर अक्षरे भरतात आणि आत थिनर अडकतो. म्हणून पाकिटाच्या छपाईतील सारी यंत्रे शाई मोजून देण्यासाठीच बनविलेली असतात.

रोटो छपाईत ही मोजणी सिलिंडर करतो. लोखंडी नळावर तांब्याचा मुलामा, त्या तांब्यावर हिऱ्याच्या टोकाने कोरलेले हजारो बारीक खड्डे आणि वरून क्रोमचा कडक थर, अशी त्याची घडण. सिलिंडर शाईच्या तसराळ्यातून फिरतो, वरची शाई डॉक्टर ब्लेड नावाची पातळ पोलादी पट्टी पुसून काढते आणि खड्ड्यांत राहिलेली शाई रबरी रोलरच्या दाबाने फिल्मवर उतरते. जेथे गडद रंग हवा तेथे खड्डा खोल व मोठा, जेथे फिकट तेथे उथळ. म्हणजे शाई किती जाणार हे बरेचसे सिलिंडर कोरतानाच ठरलेले असते.

फ्लेक्सोत गोष्ट उलटी. तेथे चित्र उठावाचे असते, रबरी शिक्क्यासारखे. ज्याला प्रेसवाले ब्लॉक किंवा स्टिरिओ म्हणतात तो हाच. त्याला शाई पुरविणारा रोलर वेगळा, त्याचे नाव अ‍ॅनिलॉक्स. त्याच्या अंगावरही सूक्ष्म खड्डे असतात, आणि त्या खड्ड्यांत मावेल तेवढीच शाई ब्लॉकला मिळते.

ह्या नावामागे मौजेचा इतिहास आहे. ही छपाई पूर्वी अ‍ॅनिलीन रंगांनी होत असे, म्हणून तिला अ‍ॅनिलीन छपाई म्हणत. ते रंग विषारी असल्याची बदनामी झाल्यामुळे अमेरिकेत १९५२ साली तिचे 'फ्लेक्सोग्राफी' असे नवे नामकरण झाले. रोलरच्या नावात मात्र जुने नाव चिकटून राहिले. अ‍ॅनिलीन हा शब्द पोर्तुगीज 'अनिल'वरून, तो अरबी 'अन-नील'वरून आणि तो आपल्याच निळीवरून आला आहे. भारतातली नीळ अरब व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात गेली आणि शब्दही त्यांच्याच गाठोड्यात गेला.

अ‍ॅनिलॉक्स निवडण्यात लहान प्रेसची हमखास चूक होते. एकाच रोलरवर सगळी कामे काढली जातात. सपाट गडद रंगासाठी मोठ्या खड्ड्यांचा, साधारण दर इंचाला २५० ते ४०० रेषांचा रोलर लागतो. बारीक ठिपक्यांच्या फोटोसाठी ८०० ते १००० रेषांचा आणि कमी शाई धरणारा रोलर लागतो. ब्लॉकवरील ठिपक्यांची जाळी जितक्या रेषांची असेल त्याच्या निदान चार-पाच पट रेषा अ‍ॅनिलॉक्सवर असाव्यात, असा ह्या धंद्यातला जुना आडाखा आहे. तो पाळला नाही तर ब्लॉकवरचा ठिपका रोलरच्या खड्ड्यात बुडतो, त्याच्या बाजूंनाही शाई लागते आणि खजुराचा फोटो डांबरासारखा दिसू लागतो. शिवाय अ‍ॅनिलॉक्स धुतला नाही की खड्ड्यांत शाई सुकून बसते. सहा महिन्यांपूर्वी गडद येणारा लाल आज फिका येतो आणि दोष शाईच्या कंपनीवर जातो. सिरॅमिकच्या रोलरला स्टीलचा बारीक ब्रश आणि क्रोमच्या रोलरला पितळी ब्रश, एवढा साधा भेदसुद्धा पुष्कळ ठिकाणी पाळला जात नाही.

डॉक्टर ब्लेडबद्दलही एक गैरसमज आहे. शाई नीट पुसली जात नाही असे दिसले की ऑपरेटर ब्लेडचा दाब वाढवितो. दाब जास्त झाला की पातळ ब्लेड वाकते, टोकाऐवजी पोटाने टेकते आणि शाई उलट जास्तच निसटते. सिलिंडरचे क्रोमही लवकर झिजते. पाकिटावर लांबलचक बारीक रेघ आली तर बहुधा ब्लेडखाली वाळलेल्या शाईचा कण अडकलेला असतो. त्याला इलाज दाबाचा नाही, शाई गाळून घेण्याचा आहे.

पेल्यातले सेकंद

सर्वांत मोठा घोळ होतो तो शाई पातळ करण्यात. डब्यातली शाई घट्ट असते, थिनर घालून ती छपाईजोगी करावी लागते. घट्टपणा मोजण्यासाठी तळाला भोक असलेला छोटा पेला असतो. पेला शाईत बुडवावयाचा, उचलावयाचा आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहावयाचे. आपल्याकडे फोर्ड कप वापरतात, काही ठिकाणी झान कप. झानच्या दोन नंबरच्या कपाने रोटोची शाई सर्वसाधारणपणे १५ ते २० सेकंदांत आणि फ्लेक्सोची २० ते ३० सेकंदांत रिकामी व्हावी. नेमका आकडा शाईच्या कंपनीच्या कागदावर असतो. तो प्रमाण मानावा.

प्रत्यक्षात काय होते? पेला खुंटीवर टांगलेला, त्याच्या भोकात मागच्या महिन्याची शाई सुकलेली. हेल्पर काठी बुडवून धार पाहतो आणि अंदाजाने थिनर ओततो. अनुभवी उस्तादाचा अंदाज बऱ्याच अंशी बरोबर निघतो, हे मी नाकारीत नाही. पण थिनर तासागणिक उडत असते. दहा वाजता बरोबर असलेली शाई बारा वाजता घट्ट होते, मग कोणी एकदम अर्धा डबा थिनर ओततो आणि रंग फिका पडतो. म्हणूनच एकाच रोलच्या सुरुवातीचे पाकीट आणि शेवटचे पाकीट दोन वेगळ्या कारखान्यांचे वाटते. दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजून थोडे थोडे थिनर घालणे, एवढाच ह्यावर उपाय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हवेचाही परिणाम होतो. थंडीत शाई आपोआप घट्ट होते, सकाळी थिनर जास्त पडते, दुपारी ऊन चढले की तीच शाई पाण्यासारखी वाहते. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. चाचांचा रमजान पावसाळ्यात होता, २०२५ सालचा मार्चमध्ये आला. घाईचा हंगाम असा ऋतू बदलत जातो, पण प्रेसवरचा मिश्रणाचा अंदाज मात्र तोच राहतो.

येथे नियतीचाही प्रश्न येतो. शाईपेक्षा थिनर स्वस्त. जास्त थिनर, कमी रंग, आणि भाव तोच, हा मोह काही जणांना पडतो. मापात कमी देणे ही काय गोष्ट आहे हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. परंतु न्यायाने बोलावयाचे तर गिऱ्हाईकही किलोमागे दोन-तीन रुपयांसाठी घासाघीस करून प्रेसवाल्याला त्या वाटेवर ढकलतो.

चाचांच्या रोलमध्ये काय झाले होते?

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. पावसाळ्यात लवकर उडणारे थिनर वापरले की शाईचा थर उडत्या थिनरमुळे गार पडतो, हवेतील ओल त्यावर धरते आणि छपाई पांढुरकी, धुरकट दिसते. हे टाळण्यासाठी ऑपरेटरने हळू उडणारे थिनर घातले. इथाइल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळते, टोल्युइन ११० अंशांना. तेव्हा पाकिटांच्या छपाईत टोल्युइन सर्रास चालत असे. शाईचा धुरकटपणा गेला, रंग चमकला. पण हळू उडणाऱ्या थिनरला ड्रायरमध्ये जास्त वेळ आणि जास्त गरम वारा हवा. रमजानची घाई म्हणून यंत्राचा वेग उलट वाढविला होता. शाई वरून कोरडी लागत होती, आत ओली होती. त्यावर लगेच लॅमिनेशन झाले आणि रोल घट्ट गुंडाळला गेला.

अशा पाकिटात छपाई पॉलिएस्टरच्या आतल्या बाजूला उलटी केलेली असते आणि तिच्या मागे पॉलिथीनचा थर चिकटविलेला असतो. पॉलिएस्टर ही बाहेरची भिंत; तिच्यातून थिनर सहसा निसटत नाही. पॉलिथीन मात्र थिनरला वाट देते. म्हणजे अडकलेला वास बाहेर न जाता आत, मालाकडे जातो. त्यात खारी तुपाची. तूप वास लगेच ओढून घेते. साखरेच्या गोळ्या असत्या तर कदाचित एवढी तक्रार झाली नसती.

पुढे कायदाही कडक झाला. अन्नपदार्थांच्या वेष्टनाबाबतचे एफएसएसएआयचे २०१८ चे नियम सांगतात की, वेष्टनावरील शाई भारतीय मानक आयएस १५४९५ प्रमाणे असावी आणि छापलेली बाजू खाद्यपदार्थाला थेट लागू नये. हे मानक २०२० साली सुधारले गेले, तेव्हा टोल्युइन वर्ज्य ठरविण्यात आले. त्याच २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यासही मनाई आहे. आपल्या कित्येक हॉटेलांत आणि भजीच्या गाड्यांवर हे अजून पोहोचलेले दिसत नाही. टोल्युइन गेले म्हणून वासाचा प्रश्न संपला असे मात्र नाही. कोणतेही थिनर घाईत अडकले की वास देतेच.

पकड आणि धार

शाई मोजून लावली, नीट वाळविली, तरी ती धरून राहील असे नाही. पॉलिथीनचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्यावर शाई पाण्याच्या थेंबासारखी गोळा होते. म्हणून फिल्मला विजेच्या ठिणग्यांची कोरोना प्रक्रिया देतात. तिचे माप डाइनमध्ये सांगतात. प्रक्रिया न केलेले पॉलिथीन ३१ डाइनच्या आसपास, छपाईसाठी मात्र ३८ ते ४२ हवे. ही ताकद दिवसेंदिवस उतरत जाते. गोदामात चार महिने पडलेली फिल्म 'नवी कोरी' म्हणून चढविली की शाई पापुद्र्यासारखी निघते. परीक्षा सोपी आहे. चिकटपट्टी छपाईवर घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीवर रंग आला तर रोल परत करावा. वरून छापलेल्या साध्या पिशवीला ही परीक्षा अवश्य लावावी, शिवाय हातात चुरगाळून अंगठ्याने घासूनही पाहावे.

पांढऱ्या शाईकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, खरे तर सगळ्या रंगांचा पाया तीच. तिच्यातील टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, तळाशी बसतो. डबा ढवळला नाही तर अर्ध्या रोलला दाट पांढरा आणि उरलेल्याला दुधाळ पाणी. मागचा पांढरा पातळ पडला की पुढचा लाल मातकट दिसतो. मग लाल शाई वाढवितात, आणि रोग एकीकडे व औषध दुसरीकडे असे होते.

अक्षरांबाबत आपल्या बांधवांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या पाकिटांवर पुष्कळदा मराठी आणि इंग्रजीबरोबर उर्दू किंवा अरबीही असते. नस्तालीक अक्षरांत एका नुक्त्याने 'ख़ुदा'चे 'जुदा' होते. फ्लेक्सोत दाब जास्त झाला की नुक्ते एकमेकांत मिसळतात. रोटोत शाई घट्ट झाली की खड्ड्यातच सुकते आणि नुक्ता उतरतच नाही. मराठीत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांचे असेच हाल होतात. बारीक मजकूर एकाच गडद रंगात ठेवावा. दोन-तीन रंग एकावर एक छापून त्यात पांढरी अक्षरे कोरण्याची हौस टाळावी. रंग केसभर सरकले तरी अक्षर वाचता येत नाही. घड्याळजीकडचे भिंग लावून पाहिल्यास दोष कोणाचा हेही कळते. अक्षराच्या कडेला गडद किनार आणि आत फिकटपणा असेल तर फ्लेक्सोचा दाब जास्त आहे. कडा करवतीच्या दातांसारखी दिसत असेल तर ते रोटोच्या खड्ड्यांचे स्वाभाविक चिन्ह आहे, त्यावरून भांडू नये.

बारकोडचेही तेच. आपल्या देशात नोंदलेला कोड ८९० ने सुरू होतो. त्यातील सर्वांत बारीक रेघ मूळ मापात ०.३३ मिलिमीटर असते. शाई पसरून रेघा जाड झाल्या की मोठ्या दुकानातले यंत्र वाचत नाही आणि माल परत येतो. फ्लेक्सोत बारकोडच्या रेघा फिल्मच्या धावेच्या दिशेनेच ठेवाव्यात. कबाब, खिमा समोशासारखा माल विकणाऱ्यांनी तपकिरी त्रिकोणाची मांसाहारी खूण नीट उतरते की नाही तेही पाहावे. पातळ शाईत तपकिरी रंग नारिंगीकडे झुकतो.

आखाती देशांत माल पाठविणाऱ्या काही जणांकडून हलाल प्रमाणपत्राच्या वेळी वेष्टनाची माहितीही मागितली जाते. फिल्म आणि शाई घसरती राहावी म्हणून घातले जाणारे काही पदार्थ वनस्पती तेलाचे असतात, काही प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतात. शाई आणि फिल्म पुरविणाऱ्याकडून ह्याबाबत लेखी घ्यावे. थिनरमधील अल्कोहोल उडून जाते, त्याचा हुकूम काय हे उलेमांनी सांगावे. तो आमचा प्रांत नाही.

मागणी देताना काय लिहून घ्यावे, असे अनेक जण विचारतात. माझ्या मते शाई आयएस १५४९५ प्रमाणे व टोल्युइनविरहित असल्याचा कागद, फिल्म किती मायक्रॉनची व एका किलोत किती मीटर, आणि पास केलेल्या नमुन्याचा दोघांच्या सहीचा तुकडा, एवढे पुरे. त्याच तुकड्याशी पुढचा प्रत्येक रोल ताडावा, तोही दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली दोन वेगळे लाल सारखेच दिसतात. वाद मोठा असेल तर मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत वेष्टनाची तपासणी करून मिळते.

चाचांचे ते रोल भंगारात गेले. त्या वर्षी चाँदरातीला त्यांनी नानखटाई साध्या बटर पेपरात बांधून विकली आणि परत आलेल्या पाकिटांचे पैसे एकूण एक दुकानदाराला चुकते केले. प्रेस त्यांनी बदलली नाही. त्यांच्याकडे आता नवा रोल आला की पहिले काम एकच. पाकिटाच्या पट्ट्या कापून काचेच्या बरणीत भरतात, झाकण घट्ट लावतात, भट्टीशेजारच्या उबेत अर्धा तास ठेवतात आणि झाकण उघडून वास घेतात. वास आला तर रोल आठ दिवस मोकळ्या हवेत उभा राहतो किंवा परत जातो. हे काम ते पान-तंबाखू खाणाऱ्याला देत नाहीत; रोजेदाराचे नाक सर्वांत तेज, असे म्हणतात. सुरुवातीला एका चांगल्या रोललाही वास आला म्हणून मोठा आरडाओरडा झाला होता. मागाहून कळले की बरणी लोणच्याची होती.